आमच्या कॉम्प्युटरचा ताप

कॉम्प्युटर बंद पडायला माझी हरकत नाही. यंत्र आहे, कधीतरी बसणारच. माझी हरकत त्यानं निवडलेल्या वेळेला आहे.

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत आमचं घर. पुढच्या खोलीत बसून मी जीएसटी आणि आयकराची कामं करते. जुलै उजाडला, विवरणपत्रांची शेवटची तारीख जवळ आली, की माझ्या कॉम्प्युटरवर टॅली, एक्सेलच्या ढीगभर फायली, सरकारी पोर्टल आणि त्या पोर्टलवरचं गोल गोल फिरणारं चक्र असा सगळा संसार मध्यरात्रीपर्यंत मांडलेला असतो. तेव्हा हा गडी हूं की चूं करत नाही. बेदाण्याचे व्यापारी, भडंगवाले, कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखानदार, सगळ्यांची खाती निमूट ओढतो. आणि रविवारी अकरा वाजता मी गाऊनवर बरीशी ओढणी घेऊन व्हिडिओ कॉलला बसले, की अर्ध्या तासाच्या आत फट्! स्क्रीन काळी, पंखा गप, आणि त्या काळ्या काचेत माझंच उघडं तोंड.

कॉल असतो माहेरच्या वाड्याचा. गावभागातल्या आमच्या जुन्या वाड्याची दुरुस्ती करायची की नाही, केली तर कुणी किती पैसे घालायचे, हा विषय. कृष्णामाईला आमच्या वाड्याचा भारी लळा. आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये नदी तिथं 57 फुटांवर गेली, तेव्हा ती आमच्या माजघरात येऊन राहून गेली. 2021 ला पुन्हा ख्यालीखुशाली विचारायला आली. तेव्हापासून मागची भिंत पोट पुढं काढून उभी आहे. दादा पुण्यात, धाकटा जर्मनीत, आत्या कराडला, चुलतभाऊ ठाण्यात. सांगलीत मी. त्यामुळं गवंड्याला गाठणं, त्याच्याकडून खर्चाचा अंदाज काढून घेणं, तो एक्सेलमध्ये भरून सगळ्यांना दाखवणं ही कामं माझ्याकडं आली, ती "तू तिथंच आहेस ना" या एकमेव पात्रतेवर.

बैठकीचा क्रम ठरलेला. सुरुवातीचा वेळ "माझा आवाज येतोय का" यात जातो. मग आत्याचं कपाळ उगवतं. कपाळाच्या खालची आत्या आम्ही कित्येक महिन्यांत पाहिलेली नाही. धाकट्याकडं तेव्हा सकाळचे साडेसात वाजलेले असतात, तो ब्लँकेट पांघरून कॉफी पितो आणि भारतात लोक वेळ पाळत नाहीत असं सांगतो. चुलतभाऊ गाडी चालवत असतो. मग दादा घसा साफ करतो आणि म्हणतो, "बरं, आता आकड्यांवर येऊ या." मी गवंड्याचा तक्ता सगळ्यांना दिसावा म्हणून स्क्रीन शेअरचं बटण दाबते, आणि फट्.

दर वेळी आकड्यांवरच! पहिल्यांदा सगळे हसले. नंतर "सांगलीत लाइट जाते वाटतं अजून" असं झालं. त्यानंतर मात्र सूर बदलला. वहिनीनं फोन करून मोघम चौकशी केली, "वन्सं, तुमच्या मनात नसेल तर तसं सांगा की. मशीन कशाला बंद करताय?" दादा तर म्हणाला, "व्यापाऱ्यांची कामं करून करून हिला आकडे लपवायची सवयच लागली आहे." म्हणजे प्रश्न आता कॉम्प्युटरचा राहिला नाही, माझ्या अब्रूचा झाला.

घरात आणि गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाई जपमाळ ओढत म्हणाल्या, "एवढा वेळ नातेवाइकांशी बोलल्यावर माणूससुद्धा पडंल. ते तर यंत्र." त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. शेजारचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातल्या निम्म्या दुःखांचं मूळ अर्थिंगमध्ये आहे. त्यांनी टेस्टर काढून घरातली सगळी बटणं तपासली, अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालायला लावला, वर पाणी ओतायला लावलं. पाणी ओतताना मला उगीचच वटपौर्णिमेची आठवण झाली. अर्थिंग झकास झालं. कॉल रविवारी वेळेवर पडला.

इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, "मामी, फॉरमॅट मारा." या पिढीला कुठलाही आजार सांगा, औषध एकच. माझ्या मशीनवर अशिलांची कित्येक वर्षांची खाती आहेत, ती काय म्हणून पुसू? तेव्हा त्यानं जरा नाखुशीनंच विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. कॉम्प्युटरच्या पोटात अशी नोंदवही असते हे मला तोवर माहीत नव्हतं. हिशेबनीस बाई मी, नोंदवही म्हटल्यावर जीव हरखला. त्यात प्रत्येक रविवारी, अकरा वाजून काही मिनिटांनी, लाल खुणेची एकच नोंद: कर्नल-पॉवर, 41. मी म्हटलं, सापडला चोर! भाच्यानं अर्थ सांगितला. "कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला."

हे मला माहीत होतं. मी समोरच बसले होते.

41 नंबरची नोंद कारण सांगतच नाही. मशीन पुन्हा उठल्यावर त्याला कळतं की आपण मघाशी रीतसर झोपलो नव्हतो, तेवढं ते लिहून ठेवतं. का, कुणामुळं, ते नाही. तरीही त्या नोंदीतून भाच्यानं एक उपयोगाची गोष्ट काढली, आणि ती इथं सांगायलाच हवी, कारण ती फॉरमॅटवाल्या पोराकडून आली यावर माझा अजून विश्वास बसत नाही. कॉम्प्युटर पडण्याचे दोन प्रकार. एकात निळा पडदा येतो (नव्या विंडोजमध्ये 2025 पासून काळा), त्यावर इंग्रजीत कसलासा कोड, आणि 2012 नंतरच्या निळ्या पडद्यावर ते रडकं तोंडही. तिथं बहुतेक वेळा ड्रायव्हर, रॅम, एखादा प्रोग्रॅम यांच्यापैकी कुणाची तरी चूक असते, आणि मशीन मरता मरता चिठ्ठी लिहून ठेवतं. दुसऱ्या प्रकारात चिठ्ठी नाही, रडणं नाही, एकदम अंधार. तिथं संशय दोघांवर: वीज किंवा उष्णता. आमचा प्रकार दुसरा. विजेची बाजू काकांनी मीठ घालून पक्की केली होती.

मग सीपीयू दुकानात न्यायचं ठरलं. (त्या पेटीला सीपीयू म्हणत नाहीत, सीपीयू आत असतो, असं भाचा म्हणतो. सांगलीत तिला सीपीयूच म्हणतात, त्याला इलाज नाही.) स्कूटरवर पायाशी पेटी ठेवून, गुडघे बाहेर काढून मी गेले. दुकानातल्या पोरानं पेटीचं एका बाजूचं झाकण काढलं, रॅमची पट्टी उपसली, खिशातलं शाळेचं खोडरबर काढून तिचे सोनेरी दात घासले आणि परत बसवली. ही क्रिया मी इतकी वर्षं इतक्या दुकानांत पाहिली आहे की खोडरबर हा कॉम्प्युटरचाच सुटा भाग असावा असं वाटतं. मग त्यानं एक व्हिडिओ लावला, अर्धा तास चालू ठेवला, वर दुसरा लावला. "बघा की ताई, कसं पळतंय! काय बी झालं नाही ह्याला."

पळतच होतं. लेकराला दवाखान्यात नेलं की ताप उतरतो, ते मी ऐकून होते. पैसे देऊन घरी आणलं, रविवारी आकड्यांवर आलो, फट्. पुन्हा दुकान, पुन्हा खोडरबर, पुन्हा पळतंय की ताई. आमचे हे एवढंच म्हणाले, "मग वाड्याची मीटिंग दुकानातच घ्या."

खरा निदान करणारा माणूस मिरजेहून आला, आणि तो कॉम्प्युटरवाला नव्हता. माझे एक अशील तंबोरे बनवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून त्यांच्याकडं बाहेरगावची गिऱ्हाइकं वाढली आणि माझ्याकडं त्यांच्या पावत्या. एका रविवारी ते पावत्यांची पिशवी घेऊन आले तेव्हा आमची बैठक चालू होती. मी त्यांना खुणेनं खुर्ची दाखवली. ते डोळे मिटून बसले. मला वाटलं, डुलकी लागली. दादा म्हणाला, "आता आकड्यांवर येऊ या." तशी त्यांनी एक भुवई उचलली. मी तक्ता शेअर केला. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, हा पंखा मघापासून काळी दोनला चाललेला. पैशाचं बोलणं निघालं तसा चढायला लागला. आता पांढरी पाचच्या पुढं गेलाय. तुटणार बघा."

तुटला. त्यांचं वाक्य पुरं व्हायला आणि स्क्रीन काळी व्हायला एकच गाठ पडली. मी त्यांना चहा केला, आणि त्यांच्या त्या महिन्याच्या विवरणपत्राची फी घेतली नाही.

दुकानातल्या पोराला या वेळी मी घरी बोलावलं. पंख्याचं ऐकून तो म्हणाला, "मग सरळ गरम होतंय ताई. हितं चालू करून बघू." त्यानं तापमान दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. कॉल सुरू केला, पलीकडं भाच्याला बसवलं. आकडा 65 अंश सेल्सिअस, 78, 84. तक्ता शेअर केला तर 90, 95, 98... पोरगा "बास बास बास" म्हणेपर्यंत अंधार. प्रोसेसर, म्हणजे भाच्याचा तो आतला सीपीयू, खूप तापला की आधी आपला वेग कमी करतो, तरीही भागलं नाही तर जळण्यापेक्षा झोपलेलं बरं म्हणून स्वतःच वीज तोडतो. म्हणजे इतके दिवस तो बिघडत नव्हता, जीव वाचवत होता.

आणि दुकानात का नाही पडला? कारण दुकानात पहिलं काम म्हणजे झाकण काढायचं. उघड्या पेटीला मोकळा वारा, वर दुकानाचा पंखा. घरी तीच पेटी झाकण लावून, टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून, दोन्ही बाजूंना यांच्या हळकुंडांच्या नमुन्यांच्या पिशव्या. आमच्या ह्यांचं यार्डात अडतीचं दुकान. सांगलीची हळद म्हणजे काय ते सांगलीकरांना सांगायला नको. एके काळी हरिपूरच्या पेवांत ती जमिनीखाली राहायची. आमच्या घरी ती माझ्या टेबलाखाली राहते. आणि आमच्या खालच्या गाळ्यात आहे कांडप केंद्र. मार्च ते मे अख्खी गल्ली चटणीसाठी मिरच्या घेऊन तिथं रांग लावते.

पोरानं पेटी गच्चीवर नेऊन पूर्ण उघडली, प्रोसेसरवरचा पंखा काढला, आणि थबकला. पंख्याखाली ज्या धातूच्या पातळ पट्ट्या असतात, ज्यांच्यामधून वारा जाऊन उष्णता निघते, त्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर एक जाड गादी बसली होती. खालचा थर पिवळा, त्यावर लाल, त्यावर पुन्हा पिवळा.

"ताई," तो म्हणाला, "ह्यात फक्त मीठ घालायचं राहिलंय."

मग त्यानं ब्लोअर लावला. पंख्यात काडी अडकवून मगच लावला, नाहीतर हवेच्या जोरानं पंखा वेड्यासारखा फिरून त्याची बेअरिंग जाते. पंख्याची काळजी घेतली, आमची घेतली नाही. गच्चीवर हळद आणि तिखट यांचा असा ढग उठला की पोरगा शिंकला, मी शिंकले, शेजारचे काका आपल्या गच्चीतून "अर्थिंग बघितलं का?" विचारता विचारता शिंकले. खालच्या कांडपवाल्या मावशी वर बघून ओरडल्या, "कुणाची चटणी हाय वो?"

पट्ट्या मोकळ्या झाल्यावर त्यानं प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट स्पिरिटनं पुसली आणि नवीन पेस्टचा तांदळाएवढा ठिपका ठेवला. प्रोसेसर आणि वरचा धातू दिसायला एकमेकांना चिकटलेले असले तरी मध्ये बारीक बारीक फटी राहतात, त्यांत हवा असते, आणि हवा उष्णता पुढं जाऊ देत नाही. पेस्ट त्या फटी बुजवते. मी म्हटलं, एवढासा ठिपका? तो म्हणाला, "जास्त घातली की उलटं काम ताई." हे वाक्य मी ह्यांच्याकडं बघून पुन्हा म्हटलं, कारण पिशव्या हलवायचा विषय तेव्हा चालू होता. ह्यांचं म्हणणं होतं, "हळदीनं कुठं काय बिघडतं? हळद औषधी असते."

मला अजून एक कोडं होतं. मध्यरात्रीपर्यंत टॅली ओढणारं मशीन अर्धा तास गप्पांत का तापावं? बोलण्यात कसला आलाय भार? पोरगा चहा पिता पिता सांगत गेला आणि मी पॅडवर गणित मांडत गेले. माझं चित्र 1280 ठिपके रुंद, 720 ठिपके उंच. म्हणजे 9 लाख 21 हजार 600 ठिपके. अशी चित्रं सेकंदाला 30. म्हणजे सेकंदाला 2 कोटी 76 लाख 48 हजार ठिपके, आणि ते जसेच्या तसे पाठवता येत नाहीत, त्या क्षणी दाबून लहान करावे लागतात. पलीकडून दादा, धाकटा, ठाण्याचा ट्रॅफिक आणि आत्याचं कपाळ हेही असेच दाबलेले येतात, ते उलगडावे लागतात. टॅलीत मी एक आकडा टाकला की मशीन पुढच्या आकड्याची वाट बघत बसतं, निवांत. कॉलमध्ये त्याला क्षणाची उसंत नाही. अख्ख्या वर्षाची माझी सगळी विवरणपत्रं एकीकडं आणि आत्याच्या कपाळाचं एक मिनिट एकीकडं.

शिवाय पाठीमागं हळदीच्या पिशव्या दिसू नयेत म्हणून भाच्यानं मला स्वित्झर्लंडचा डोंगर लावून दिला होता. म्हणजे प्रत्येक चित्रात मी कुठं संपते आणि पोती कुठं सुरू होतात हे ओळखून, मला कापून डोंगरावर चिकटवायचं. माझा एक कान अधूनमधून स्वित्झर्लंडमध्येच राहायचा, तो या घाईत. आणि हे सगळं चालू असताना मी वरून गवंड्याचा तक्ता शेअर करायची. आकड्यांवर आलं की का पडायचं ते आता कळलं. दादाला मी हे सविस्तर लिहून पाठवलं, तापमानाच्या आकड्यांसकट. त्याचं उत्तर आलं: "ठीक आहे, बघू." सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मी काय म्हटलं होतं?"

जगातला पहिला वेबकॅम 1991 मध्ये केंब्रिज विद्यापीठात कॉफीच्या भांड्यावर लावला होता म्हणतात. भांड्यात कॉफी आहे की संपली हे जागेवरून कळावं, उगीच हेलपाटा पडू नये, एवढ्यासाठी. काळं-पांढरं, इवलंसं चित्र. तो कॅमेरा 2001 पर्यंत चालला. चालणारच. त्या भांड्याला चुलतभाऊ नव्हते आणि वाड्यात वाटाही नव्हता.

डोंगर काढला. पिशव्या यार्डात गेल्या, म्हणजे निम्म्या गेल्या, निम्म्या जिन्यात आहेत. पेटी टेबलावर आली, भिंतीपासून वीतभर पुढं. खिडकीच्या जाळीला मी साडीचा तुकडा लावला, कांडपासाठी. आणि पुढच्या रविवारी, स्वच्छ वेणी घालून, पाठीमागं खरीखुरी भिंत ठेवून मी बैठकीला बसले.

आवाज आला, गेला, आला. कपाळ उगवलं. धाकट्यानं कॉफीचा घोट घेतला. दादानं घसा साफ केला आणि, हे मला स्पष्ट दिसलं, जरा निर्धास्तपणे म्हणाला, "चला, आकड्यांवर येऊ या."

मी तक्ता शेअर केला. पंखा काळी दोनवरून हलला, जरासा चढला, आणि तिथंच टिकला. आकडा 74. सगळ्यांनी वाट पाहिली. काहीच झालं नाही. भिंतीचा खर्च, कौलं, वाळवीचं औषध, तुळया, मजुरी, एकूण. त्याखाली प्रत्येकाचं नाव आणि नावापुढं रक्कम. थोरल्याचा वाटा थोरला असावा, हे मागं कधीतरी दादानंच मोठेपणानं ठरवलं होतं, तेव्हा तक्ता कधी उघडेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"दादा," मी म्हटलं, "गवंडी सोमवारपासून येतो म्हणतोय. तुझा पहिला हप्ता कधी पाठवतोस?"

दादा गोठला. तोंड अर्धं उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, उजवा हात हवेत, तर्जनी वर.

"गेला वाटतं," आत्या म्हणाली.

"पुण्याचं नेट," धाकटा म्हणाला. "तरी मी सांगत होतो."

पण एवढे दिवस या विषयाचा अभ्यास केलेल्या बाईला असं सहजासहजी फसवता येत नाही. चित्र अडकलं की सगळंच अडकतं, त्यातला एक कोपरा चालू राहत नाही. दादाच्या डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता आणि बाजूच्या कॅलेंडरची पानं फडफडत होती.

"दादा," मी म्हटलं, "पंखा फिरतोय."

दादा हलला नाही. तोंड तसंच, तर्जनी तशीच. मात्र कोपऱ्यातून वहिनीचा हिरव्या बांगड्यांचा हात हळूच आत आला, भिंतीवरच्या बटणापर्यंत गेला, आणि पंखा थांबला.